हार्डडिस्क मरायला टेकलीय? रिपेअर सॉफ्टवेअर चालवायच्या आधी हे वाचा

हार्डडिस्क त्रास द्यायला लागली की आपण पहिलं काय करतो, तर "हार्डडिस्क रिपेअर सॉफ्टवेअर" असं सर्च करतो आणि जे पहिलं दिसेल ते उतरवून त्याच डिस्कवर चालवतो. मी पण हेच केलं होतं. माझी १ टीबीची एक्सटर्नल डिस्क एक फोल्डर उघडायला मिनिट-मिनिट घ्यायला लागली, म्हणून रात्री तिच्यावर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) लावलं, बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे खराब कप्पे, शोधायच्या पर्यायासकट, आणि झोपलो. सकाळी बघतो तर डिस्क डिटेक्टच होत नव्हती, नुसता टक, टक, टक असा एका लयीत आवाज. सात-आठ वर्षांचे फोटो त्यात होते. आदल्या रात्री ती डिस्क वाचत होती, हळू का होईना पण वाचत होती, आणि तिच्यात जो काय थोडा जीव उरला होता तो मी फोटो बाहेर काढण्याऐवजी स्कॅन करण्यात घालवला. हे दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून एवढं सविस्तर लिहितोय, नवीन माणसाला समजेल अशा बेताने.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, पुढचं वाचायला वेळ नसला तरी चालेल: आधी कॉपी, मग रिपेअर, आणि रिपेअर पण त्या कॉपीवर करायचा, मूळ डिस्कवर नाही.

आता सॉफ्टवेअरने डिस्क दुरुस्त होते का? डिस्कच्या आत तबकड्या असतात, त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे फिरतात, आणि त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर वाचणारं-लिहिणारं हेड तरंगत असतं. नॅनोमीटर म्हणजे किती, तर आपला एक केस साधारण पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. त्या हेडला इजा झाली, तबकडीवरचा थर खरवडला गेला किंवा मोटर अडकली तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर तिथे पोचू शकत नाही, कारण सॉफ्टवेअर शेवटी डिस्कला एवढंच सांगू शकतं की अमुक सेक्टर वाच, तमुक सेक्टर लिही. म्हणून "रिपेअर" या शब्दाखाली नेमकं काय विकलं जातंय ते आधी वेगळं करून बघायला लागतं. सॉफ्टवेअर तीन कामं खरोखर चांगली करतं: डिस्कची तब्येत दाखवणं, मरणाऱ्या डिस्कमधून डेटा बाहेर काढणं, आणि फाइलसिस्टिमची, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची, बिघडलेली वही नीट लावणं. चौथं काम, म्हणजे खराब सेक्टर "बरा करणं", ते कसं दिसतं आणि खरं काय असतं ते पुढे सांगतो कारण सगळा घोळ तिथेच आहे.

पायरी शून्य: हात थांबवा

डिस्क हँग व्हायला लागली, कॉपी मधेच अडकायला लागली, की तिच्यावर काहीही लिहिणं बंद करा. नवीन फाइल ठेवू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर इन्स्टॉल करू नका, आणि विंडोजने "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल" असा बॉक्स दाखवला तर कॅन्सल करा. तो बॉक्स बघून लोक घाबरून ओके दाबतात. त्याचा अर्थ एवढाच असतो की विंडोजला फाइलसिस्टिमची सुरुवात वाचता आली नाही, डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो. तसंच कॉम्प्युटर चालू होताना आपोआप डिस्क चेक सुरू व्हायला लागलं तर तिथे काही सेकंद मिळतात, कुठलंही बटण दाबून ते टाळा. विंडोज याच डिस्कवर असेल तर कॉम्प्युटर सरळ बंदच करा, कारण नुसतं चालू ठेवलं तरी पाठीमागे सतत लिहिणं चालू असतं.

डिस्क पडली असेल, पाण्यात गेली असेल किंवा जळका वास आला असेल तर चालू करून बघायचा मोह आवरा आणि खाली लॅबचा भाग आहे तो थेट वाचा.

मग कान द्या

बॉक्सला कान लावून ऐका. थोडीशी करकर सगळ्याच डिस्क करतात, त्याचं काही नाही. पण एका लयीत टक-टक-टक, मग थोडं थांबून परत टक-टक, म्हणजे हेड आपली जागा शोधतंय आणि त्याला सापडत नाहीये. बारीक गुणगुण येऊन तबकडी फिरतच नसेल तर हेड तबकडीला चिकटलंय किंवा मोटर जाम आहे. या दोन्ही केसमध्ये सॉफ्टवेअरचा विषय संपला. फक्त एक अपवाद, आणि तो तपासल्याशिवाय घाबरू नका: छोटी अडीच इंची एक्सटर्नल डिस्क यूएसबीवरच चालते, तिला करंट कमी पडला तरी ती टक-टक करून परत परत चालू-बंद होते. म्हणून एकदा, एकदाच, दुसरी आखूड केबल लावून, हब काढून, थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावून बघा. तरी आवाज तोच असेल तर प्लग काढा.

फ्रीजरमध्ये ठेवा, हाताने आपटा, उघडून हेड सरकवा, असले उपाय अजून फिरत असतात. फ्रीजरमधून काढली की आत दव धरतं आणि ते तबकडीवर बसतं. उघडली की धूळ आत जाते, आणि हेडखालचं अंतर बघता धुळीचा कण म्हणजे डोंगर आहे. यातलं काही करू नका, कितीही खात्रीने कुणी सांगितलं तरी.

केबल आणि बॉक्स

हे कंटाळवाणं वाटतं पण बऱ्याच "खराब" डिस्क इथेच बऱ्या होतात. एक्सटर्नल डिस्कमध्ये डिस्क वेगळी आणि यूएसबीचं छोटं सर्किट वेगळं असतं, ते सर्किट किंवा केबल गेली तरी लक्षणं डिस्क गेल्यासारखीच दिसतात. केबल बदला, पोर्ट बदला, जमलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. डेस्कटॉपमध्ये असेल तर साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदला. आतली डिस्क काढून दुसऱ्या बॉक्समध्ये घालायची असेल तर एक लक्षात ठेवा, काही एक्सटर्नल डिस्कचं ते यूएसबी सर्किट डेटा एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक रूपात, लिहितं, तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरीही, मग डिस्क दुसरीकडे लावली की सगळा कचरा दिसतो आणि माणसाला वाटतं डेटा गेला. तो गेलेला नसतो, फक्त मूळ सर्किटमधून वाचायला लागतो, म्हणून ते फेकू नका. आणि काहींमध्ये तर यूएसबी पोर्ट डिस्कच्या मेन बोर्डवरच असतो, तिथे बॉक्स बदलायचा प्रश्नच येत नाही.

तब्येत बघा: स्मार्टचे आकडे

डिस्क स्वतःबद्दल नोंदी ठेवत असते, त्याला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स किंवा त्याचंच खिडकीवालं रूप जीस्मार्टकंट्रोल. हे फक्त वाचतात, डिस्कवर काही लिहीत नाहीत, म्हणून हे पहिलं टूल आणि बिनधास्त वापरा. काही यूएसबी बॉक्स स्मार्टची माहिती पुढे पाठवतच नाहीत, मग डिस्क थेट साटाला लावून बघायला लागते.

यादी लांबलचक येते, घाबरू नका, मोजके आकडे बघा. ५ नंबर म्हणजे किती सेक्टर बदलून राखीव जागेत टाकले. १९७ म्हणजे किती सेक्टर वाचता येत नाहीयेत आणि निकालाची वाट बघतायत, यांना पेंडिंग म्हणतात. १९८ म्हणजे डिस्कने स्वतः तपासताना न वाचता आलेले. १८७ म्हणजे दुरुस्त न झालेल्या चुका, १८८ म्हणजे वेळेत उत्तर न आलेल्या कमांड. या सगळ्यांसमोर शून्य असावा. १९९ मात्र वेगळा आहे, तो डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या वायरवर झालेल्या चुका मोजतो, तो वाढत असेल तर आधी केबल बदला. त्याचा आकडा परत खाली येत नाही, केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला का एवढंच बघायचं.

दोन ठिकाणी नवीन लोक फसतात. क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पटीत मोजायची पद्धत) दाखवतं, सेटिंगमध्ये जाऊन नेहमीची दशमान पद्धत करून घ्या, नाहीतर १० म्हणजे सोळा असतात हे कळत नाही. आणि सीगेटच्या डिस्कमध्ये १ आणि ७ नंबरसमोर अवाढव्य आकडे दिसतात, ते नॉर्मल आहे, त्यात एकूण किती वेळा वाचलं किंवा हेड हलवलं ते पण मिसळलेलं असतं.

वरचा शेरा "गुड" दिसला म्हणून निश्चिंत मात्र होऊ नका. गूगलच्या लोकांनी २००७ साली त्यांच्याकडच्या १ लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्के डिस्कमध्ये चार मुख्य स्मार्ट खुणांपैकी एकही दिसलेली नव्हती. म्हणजे स्मार्ट चांगला आला तर त्यावरून फारसं काही कळत नाही, पण वाईट आला तर तो गंभीरपणे घ्यायचा: त्याच अभ्यासात, पहिली स्कॅन एरर (डिस्कने स्वतः तपासताना सापडलेली चूक) दिसल्यानंतर पुढच्या ६० दिवसांत डिस्क मरायची शक्यता बाकीच्या डिस्कपेक्षा ३९ पट होती. म्हणून पेंडिंग सेक्टर एक जरी दिसला तरी मी त्याच दिवशी कॉपी काढायला घेतो, आठवड्याच्या शेवटाची वाट बघत नाही.

स्मार्टची लाँग टेस्ट आत्ता लावू नका. ती अख्खी डिस्क वाचते, आणि अख्खी डिस्क वाचायचीच आहे तर वाचलेलं कुठेतरी साठवलेलं बरं ना.

"बॅड सेक्टर रिपेअर" म्हणजे नेमकं काय होतं

हा भाग नीट वाचा, हा कळला की अर्ध्या जाहिराती आपोआप कळतात.

डिस्कवर डेटा सेक्टरमध्ये असतो, जुन्यांत ५१२ बाइटचा, आताच्या बऱ्याच डिस्कमध्ये आत ४०९६ बाइटचा. प्रत्येक सेक्टरसोबत चूक दुरुस्त करायचा कोड असतो. वाचताना थोड्या चुका येतातच, कोड त्या भरून काढतो. चुका कोडच्या आवाक्याबाहेर गेल्या की डिस्क परत परत प्रयत्न करते, आणि तरी जमलं नाही तर "वाचता येत नाही" असं सांगून त्या सेक्टरला पेंडिंगमध्ये टाकते. इथे ती तो सेक्टर लगेच बदलत नाही, कारण बदलला तर आतला डेटा कायमचा सोडून दिल्यासारखं होईल. ती वाट बघते. पुढे कुणीतरी त्या सेक्टरवर नवीन काही लिहिलं की तिला कळतं की जुन्या डेटाची आता गरज नाही, मग ती लिहून तपासते, जागा ठीक निघाली तर पेंडिंगमधून नाव काढते, खराब निघाली तर राखीव साठ्यातला सेक्टर त्या जागी लावते आणि ५ नंबरचा आकडा एकने वाढतो.

म्हणजे दुरुस्तीचं हे काम डिस्कचं स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतला प्रोग्राम, करतं. रिपेअर सॉफ्टवेअर फक्त त्या सेक्टरवर लिहून तिला भाग पाडतं. आणि लिहिलं म्हणजे आत जे होतं ते गेलं. लाल ठिपका हिरवा होतो, रिपोर्टमध्ये "रिपेअर्ड" येतं, आणि त्या जागी तुमच्या फोटोचा जो तुकडा होता तिथे आता शून्यं असतात. काही टूल लिहायच्या आधी खूप वेळा वाचून बघतात, एखाद्या वेळी वाचलं जातं, मग तोच डेटा परत लिहितात, तेव्हा खरंच फायदा होतो. पण ते सगळं मरणाऱ्या डिस्कवरच, एका सेक्टरवर शेकडो वेळा हेड घासत, आणि शेजारी कॉपी कुठेच नाही. हेड कमजोर असेल तर असल्या स्कॅनमध्ये ते पूर्ण जातं.

चुंबकीय थर "पुन्हा जिवंत" करण्याचे दावे पण वाचायला मिळतात. स्पिनराइटसारखी टूल १९८० च्या दशकात आली तेव्हा डिस्क वेगळ्या होत्या, हेड स्टेपर मोटरवर सरकायचं, वर्षानुवर्षांनी ट्रॅकच्या (तबकडीवरच्या डेटाच्या गोल रांगांच्या) जागेत थोडा फरक पडायचा आणि लो लेव्हल फॉरमॅट, म्हणजे त्या रांगा नव्याने आखणं, घरी परत करता यायचा, त्या काळात त्या कल्पनेला अर्थ होता. आताच्या डिस्कवर ट्रॅकच्या खुणा कारखान्यात लिहिल्या जातात आणि त्या बाहेरून कुणालाही परत लिहिता येत नाहीत. त्यामुळे आज "लो लेव्हल फॉरमॅट" नावाने जे मिळतं ते शून्यं भरण्याचंच काम करतं. एचडीडी रिजनरेटर हे टूल, व्हिक्टोरिया या टूलमधले रिमॅप आणि इरेज हे पर्याय, सगळ्यांबद्दल माझं मत एकच: डेटा बाहेर निघाल्यावर खेळा, आधी नाही. व्हिक्टोरिया आणि एचडीडीस्कॅन नुसतं बघायला चांगली आहेत, कुठला सेक्टर किती मिलीसेकंद घेतो ते दाखवतात, पण बघण्यासाठी सुद्धा डिस्क दमवू नका.

चेकडिस्कचं काय मग

चेकडिस्क वाईट टूल नाही, ते दुसऱ्या कामाचं आहे. फाइलसिस्टिम म्हणजे कुठली फाइल कुठे आहे ते लिहिलेली वही. लाइट गेली, पेनड्राइव्ह मधेच खेचला, की वही अर्धवट लिहिलेली राहते, डिस्क मात्र ठणठणीत असते. तिथे चेकडिस्क किंवा लिनक्सचं एफएससीके लावा, छान काम करतात. पण चेकडिस्कला वही जुळवायची असते, तुमच्या फायली वाचवायच्या नसतात. वहीचं एखादं पान खराब सेक्टरमुळे वाचता आलं नाही तर ते त्या नोंदी सरळ काढून टाकतं, आणि जे तुकडे उरतात ते फाउंड.०००  नावाच्या फोल्डरमध्ये नाव-गाव नसलेल्या फायली म्हणून टाकतं. एफचा पर्याय फक्त वही जुळवतो, आरचा पर्याय त्याशिवाय सगळी डिस्क वाचून खराब सेक्टर शोधतो. मरणाऱ्या डिस्कवर आरचा पर्याय म्हणजे माझी ती रात्र.

ठरवायचं कसं? स्मार्टमध्ये ५, १९७, १९८ शून्य, डिस्क हँग होत नाही, आवाज नाही, फक्त फोल्डर उघडत नाही, तर वहीचा प्रॉब्लेम असण्याची शक्यता जास्त. तरी सुद्धा आधी कॉपी काढलेली काय वाईट.

खरं काम: क्लोन काढणं

डिस्क अजून नीट उघडतीये, हँग होत नाहीये आणि पेंडिंग एक-दोनच आहेत, तर मी आधी जीव की प्राण असलेलं एक-दोन फोल्डर साध्या कॉपी-पेस्टने उचलतो आणि मग क्लोनला, म्हणजे अख्ख्या डिस्कची सेक्टर-सेक्टर कॉपी काढायला, लागतो. पण कॉपी एका फाइलवर अडकून बसत असेल तर साधी कॉपी सोडून द्या, कारण विंडोज त्या एका फाइलच्या मागे लागून डिस्क दमवतं आणि शेवटी सगळंच थांबवतं.

अशा वेळी डीडीरेस्क्यू. अंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेलं, फुकट, लिनक्सवर चालणारं, ग्नू प्रकल्पाचा भाग. काळ्या खिडकीत, कमांड टाइप करून चालतं म्हणून लोक घाबरतात पण एवढ्या उपयोगाचं दुसरं फुकट टूल मला माहीत नाही. त्याचं डोकं असं चालतं: आधी सोपं सोपं उचलायचं, जिथे अडतं तिथे थांबायचं नाही, उडी मारून पुढे जायचं, आणि सगळं चांगलं बाहेर आल्यावर मग अवघड जागांकडे परत यायचं. मरणाऱ्या डिस्कसाठी हाच क्रम बरोबर आहे, कारण ती किती वेळ टिकेल ते कुणाला माहीत नसतं.

लागणारं सामान: तेवढीच किंवा मोठी एक चांगली डिस्क, आणि लिनक्सचा बूट होणारा पेनड्राइव्ह. सिस्टमरेस्क्यू नावाचं लिनक्स यासाठीच आहे, त्यात हे टूल आधीच असतं. कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून चालू करा. आजारी डिस्क माउंट करू नका, म्हणजे फाइल मॅनेजरमध्ये तिच्यावर क्लिक करू नका.

आता सगळ्यात धोक्याची जागा. कुठली डिस्क कुठल्या नावाने दिसतीये ते दोनदा, तीनदा तपासा. एलएसबीएलके कमांड सगळ्या डिस्क साइझसकट दाखवते, मॉडेल आणि सीरियल नंबर पण दाखवायला सांगता येतं, ते डिस्कच्या लेबलशी जुळवून बघा. दोन्ही डिस्क एकाच साइझच्या असतील तर कागदावर लिहून ठेवा. सोर्स आणि डेस्टिनेशन उलट झालं तर रिकाम्या डिस्कची कॉपी तुमच्या फोटोंवर जाऊन बसेल आणि ती चूक परत फिरवता येत नाही.

म्हणून मी नवीन माणसाला डिस्क टू डिस्क ऐवजी इमेज फाइल काढायला सांगतो, म्हणजे चांगल्या डिस्कवर अख्ख्या आजारी डिस्कची एक मोठीच्या मोठी फाइल तयार होते, आणि चुकून उलटं व्हायचा धोका बराच कमी. चांगली डिस्क एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट केलेली असू द्या, फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

कमांड इंग्रजीतच टाइप करायची असते, तिचे भाग या क्रमाने: टूलचं नाव, मग डॅश एन हा पर्याय, मग आजारी डिस्क, मग इमेज फाइलचं नाव, मग मॅपफाइलचं नाव. डॅश एन म्हणजे अवघड जागा आत्ता खरवडू नको. मॅपफाइल म्हणजे कुठपर्यंत वाचलं, काय राहिलं याची नोंद, ती विसरू नका, तिच्यामुळेच काम मधे थांबवून परत तिथूनच सुरू करता येतं. आणि ही मॅपफाइल चांगल्या डिस्कवरच ठेवा. पेनड्राइव्हवरून चालू केलेल्या लिनक्सच्या डेस्कटॉपवर ठेवली तर ती रॅममध्ये असते, कॉम्प्युटर बंद झाला की गेली, मग दोन दिवसांची मेहनत कुठे पोचली होती ते सांगायला कुणी नाही.

वेळेचा अंदाज घ्या म्हणजे धीर सुटत नाही. १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचली गेली तर पावणेतीन तास लागतात. तीच आजारी होऊन सेकंदाला १ एमबीवर आली तर साडेअकरा दिवस. दोन्ही होतं. डिस्क सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवा, वर छोटा पंखा सोडा, लॅपटॉपचं स्लीप बंद करा. मधेच डिस्क गायब झाली तर टूल थांबवा, डिस्कची पॉवर काढून थोडा वेळ थंड होऊ द्या, परत लावा, नाव बदललं नाही ना ते परत तपासा, आणि तीच कमांड परत चालवा, बाकी ते मॅपफाइल वाचून समजून घेतं.

पहिली फेरी संपली की बहुतेक वेळा बराचसा डेटा बाहेर आलेला असतो, निदान डिस्क लवकर हाती घेतली असेल तर. मग दुसरी फेरी, या वेळी डॅश एन काढायचा आणि डॅश डी आणि डॅश आर ३ लावायचे, म्हणजे थेट वाच आणि राहिलेल्या सेक्टरवर तीन वेळा प्रयत्न कर. कधी कधी उलट्या दिशेने वाचायला सांगितलं की अडकलेला भाग निघतो, त्यासाठी मोठा आर. फेऱ्या वाढवत बसू नका, नवीन काही निघणं थांबलं की थांबा. आणि चालू असताना टक-टक सुरू झालं तर लगेच बंद, तिथून पुढे घरचं काम नाही.

काळी खिडकी अगदीच नको असेल तर विंडोजवर डीएमडीई आणि आर-स्टुडिओ ही दोन्ही इमेज काढू शकतात. हळू आणि हट्टी डिस्कसाठी ओपनसुपरक्लोन आहे, जास्त ताकदीचं आहे पण शिकायला वेळ लागतो, पहिल्याच खेपेला त्यात शिरू नका.

आता रिपेअर, पण कॉपीवर

इमेज हातात आली की जीव भांड्यात पडतो, कारण आता चुकलं तरी परत करता येतं. जागा असेल तर इमेजची अजून एक कॉपी करून त्या कॉपीवर प्रयोग करा.

पार्टिशनच दिसत नसेल तर टेस्टडिस्क, हरवलेलं पार्टिशन शोधून परत नोंदवतं. वही बिघडलेली असेल तर इमेज ड्राइव्ह म्हणून जोडून किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून तिथे चेकडिस्क लावा, आता बिनधास्त. फोल्डर आणि नावांसकट फायली हव्या असतील तर आर-स्टुडिओ, यूएफएस एक्सप्लोरर, डीएमडीई, ही विकतची आहेत पण काय काय मिळेल ते आधी फुकटात दाखवतात, दिसलं तरच पैसे भरा. काहीच जमलं नाही तर फोटोरेक, हे वही बघतच नाही, फाइलच्या सुरुवातीची ओळख बघून तुकडे उचलतं, त्यामुळे फोटो मिळतात पण नावं आणि फोल्डर जातात, आणि तुकड्या-तुकड्यांत पसरलेल्या मोठ्या व्हिडिओ फायली बऱ्याचदा मोडक्या येतात. रिकव्हर केलेलं नेहमी तिसऱ्या जागी ठेवा, त्याच इमेजच्या डिस्कवर जागा कमी असताना कोंबू नका.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करायचं कुलूप) लावलेली डिस्क असेल तर क्लोन तसाच काढायचा, फक्त ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधून ठेवा, ती नसेल तर क्लोन कितीही चांगला निघाला तरी उघडणार नाही.

इमेजमध्ये किती सेक्टर राहिले ते मॅपफाइलमध्ये असतं. थोडेच असतील तर डीडीरेस्क्यूला त्या रिकाम्या जागी एखादा ठरावीक मजकूर भरायला सांगता येतं, मग तो मजकूर ज्या फायलींत सापडेल त्या खराब, बाकीच्या चांगल्या. हजारो फोटो एकेक उघडून बघण्यापेक्षा हे बरं.

एसएसडी असेल तर

वरचं बरंचसं एसएसडीला, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कला, लागू होत नाही. तिथे हेड नाही, आवाज नाही, आणि बऱ्याचदा पूर्वसूचना पण नाही, कंट्रोलर (सगळं चालवणारी आतली चिप) गेला की एका क्षणात सगळं गायब. काही एसएसडी शेवटाला फक्त वाचण्यापुरत्या उरतात, तसं झालं तर लगेच कॉपी काढा. आणि डिलीट झालेल्या फायली ट्रिममुळे (ही जागा आता मोकळी आहे असं एसएसडीला सांगणारी कमांड) बहुतेक वेळा खरंच पुसल्या जातात, त्या परत आणायचं वचन देणाऱ्या टूलवर फार भरवसा ठेवू नका.

लॅब कधी

टक-टक, फिरतच नाही, पडलेली, भिजलेली, बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताना येणाऱ्या सेटिंगमध्ये) पण दिसत नाही, किंवा साइझ शून्य दाखवते, अशी डिस्क सॉफ्टवेअरची नाही. लॅबमध्ये धूळमुक्त जागेत ती उघडतात, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड लावतात, पीसी-३००० सारखं हार्डवेअर वापरून फर्मवेअरशी थेट बोलतात. नुसता हिरवा बोर्ड बदलून चालेल असं कुणी म्हणालं तर थांबा, आताच्या बोर्डवर त्या एकाच डिस्कची मापं असलेली चिप असते, ती नवीन बोर्डवर हलवल्याशिवाय काम होत नाही. डेटा इतका महत्त्वाचा असेल की गेला तर चालणारच नाही, तर मी वर सांगितलेलं डीडीरेस्क्यू सुद्धा करू नका, डिस्क बंद ठेवून थेट द्या. आणि घरी काय काय केलं ते त्यांना खरं खरं सांगा, लाजू नका, त्यावर ते सुरुवात कुठून करायची ते ठरवतात.

मूळ डिस्कचं शेवटी काय करायचं

डेटा निघाला, उघडून तपासला, अजून एका जागी कॉपी केला, आता ती डिस्क तुमची. हवं तर पूर्ण फॉरमॅट करा, क्विक नाही, विंडोजचा पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो, त्यात पेंडिंग सेक्टरचा निकाल लागतो. मग लाँग टेस्ट लावा. १९७ शून्यावर आला, ५ तिथेच थांबला आणि टेस्ट पास झाली तर डिस्क, गेल्या तरी परत मिळण्यासारख्या गोष्टींसाठी वापरता येते, म्हणजे उतरवलेले पिक्चर, गेम, असलं काही. मी एक अशी डिस्क वापरतोय आणि महिन्यातून एकदा तिचे आकडे बघतो. पण ५ नंबर प्रत्येक फेरीला वाढत असेल तर आतला बिघाड वाढतोय, तिच्यावर अजून वेळ घालवू नका, तबकड्यांना भोकं पाडून ई-कचऱ्यात द्या.

आणि जी नवीन डिस्क आणाल तिची आणल्या दिवशीच, रिकामी असताना, एक लाँग टेस्ट लावून ५, १९७, १९८ आणि १९९ चे आकडे तारखेसकट लिहून ठेवा. पुढे कधी फोल्डर उघडायला वेळ लागला तर पहिल्यांदा ते पान काढून आत्ताच्या आकड्यांशी ताडून बघा.